आँतवाले साहब

पिंगळे सर कुणालाच 'कसा आहेस' असं विचारत नसत. 'आतडं काय म्हणतंय?' असं विचारत. झाशीच्या आमच्या पशुसंशोधन संस्थेत झाडूवाल्यापासून डायरेक्टरसाहेबांपर्यंत सगळ्यांना हाच प्रश्न. सीपरी बाजारातले ऑटोवाले त्यांना 'आँतवाले साहब' म्हणत आणि सरांना ती पदवीच वाटे.

मी चिरगावचा. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिलाच. शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट होतं. सरांनी मला हाताखाली घेतलं आणि पहिल्याच दिवशी बकरीच्या आतड्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. "बघ, मखमल! ही दाट असली तर खाल्लेलं अंगी लागतं." नवजात पिल्लाचं आतडं कच्चं असतं, आईच्या दुधातले पॉलिअमाइन नावाचे पदार्थ ते तयार व्हायला मदत करतात, असं ते भेटेल त्याला सांगत. चहावाल्यालाही.

एकदा सरांच्या नात्यातल्या बारशाला बायका पाळणा म्हणत होत्या. सर पाळण्यावर वाकले. "नाव नंतर ठेवा. अंगावरचं पितंय की डब्याचं?" गाणं थांबलं. बाळाची आजी म्हणाली, "पिंगळेजी, पेढा लो और उधर बैठो." सर तिकडे बसले आणि शेजाऱ्याला मखमल समजावू लागले.

माझ्या प्रबंधासाठी बारा करडं होती. सहांना साधं पावडरचं दूध, सहांना त्याच दुधात स्पर्मिन नावाचं एक पॉलिअमाइन घालून. एकविसाव्या दिवशी बाराही कापून आतडी तपासायची. साध्या दुधावरचं सात नंबरचं करडू अगदीच किरकोळ होतं. सरांनी बाटली धरली की ते बाटली सोडून त्यांच्या कोटाचं बटण चोखायचं. "अरे भैया, ते प्लास्टिक आहे," सर त्याला समजावत, "त्यात काही नाही."

विसाव्या दिवशी सकाळी सर गोठ्यातल्या बकरीचं ताजं दूध घेऊन आले आणि माझ्यादेखत सात नंबरला पाजू लागले.

"सर! बाहेरचं दूध? हे तर प्रयोगातून बाद झालं!"

"मग लिही ना. बाद. कारण, पिंगळे."

"पण या गटात माझी पाचच उरतील. प्रबंध नामंजूर झाला तर?"

"डायरेक्टरांना मी तोंड देतो. लिही तू."

एवढ्या नोकरीत या माणसाने कधी थेंबभर दूध इकडचं तिकडे होऊ दिलं नव्हतं. बाद झालेलं करडू कापत नाहीत, हे लिहिता लिहिता माझ्या ध्यानात आलं. संध्याकाळी सर त्याला ऑटोत घालून घरी घेऊन गेले.

निकाल हाती आले. स्पर्मिनवाल्यांची मखमल खरोखर दाट निघाली. पाचांवरही प्रबंध तरणार होता. रजिस्टरवर सही घ्यायला मी सरांच्या घरी गेलो, तर अंगणात सरांच्या पत्नी, काकू, त्याच करडाला बाटली पाजत होत्या.

"बैठो भैया," त्या म्हणाल्या. मग नजर वर न करता बोलल्या, "आमची मुलगी चाळीस दिवसांची होऊन गेली. मी आजारी, मला दूध नव्हतं. डब्याचं तिला पचेना. तेव्हा हे म्हणाले, डब्यात काय कमी असतं ते शोधून काढतो. त्यानंतर या घरात त्यावर एक शब्द नाही. सगळ्या झाशीला सांगतात, मला नाही. तू सांग, सापडलं का?"

सर दारात उभे होते.

"थोडं सापडलंय, काकू," मी म्हणालो. "पण ते सरांनी सांगावं."

सर पायरीवर त्यांच्याशेजारी बसले. चहावाल्यापुढे न अडखळणारा माणूस शब्द शोधत राहिला.

"तुझं काही चुकलं नव्हतं," ते शेवटी म्हणाले.

काकूंनी बाटली तशीच धरून ठेवली. मी रजिस्टर मिटलं आणि हलकेच फाटक लावून घेतलं. सही दुसऱ्या दिवशी घेतली.