जगात पहिले आलेले पुना आबा

जगातल्या सर्वोत्कृष्ट फुटबॉल क्लब प्रशिक्षकांची वार्षिक क्रमवारी धुळ्याहून निघते. बसस्टँडच्या मागे झेरॉक्सचं एक दुकान आहे, त्याच्या माडीवर कार्यालय. जिन्यात पाटी आहे, 'जागतिक प्रशिक्षक गुणांकन व गौरव मंडळ. चपला खाली काढाव्यात.' जगाला या क्रमवारीची अजून कल्पना नाही, पण त्यात मंडळाचा दोष नाही. मंडळानं जगाला दोनदा ईमेल केला आहे.

कल्पना पुना आबांनाही नव्हती. पाचोऱ्याहून चाळीसगावकडे जाताना लागणाऱ्या एका छोट्या गावात आबा राहतात. एसटीतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाल्यावर गेली नऊ वर्षं ते गावातल्या मुलींना फुटबॉल शिकवत होते. मुक्ताई फुटबॉल क्लब म्हणजे चौदा मुली आणि दोन चेंडू, त्यातला एक जरासा लांबट. बरं चाललं होतं. मग ग्रामपंचायतीचा ठराव झाला. गावातलं मैदान यापुढे जागतिक क्रमवारीत स्थान असलेल्या प्रशिक्षकाच्या क्लबालाच मिळेल, अन्यथा तिथे लग्नाचा लॉन होईल.

"लॉन म्हंजे काय हो?" आबांच्या बायकोनं, भिकुबाईंनी विचारलं.

"गवत."

"मंग आते तठे काय शे?"

"आते बी गवतच शे. पन ते बकऱ्या खातस."

ठरावाखाली मंडळाचा पत्ता होता, म्हणून दुसऱ्याच दिवशी आबा धुळ्याला गेले. मंडळाचे सचिव जितेंद्र हे अत्यंत नम्र गृहस्थ होते. त्यांनी आबांना पाणी दिलं, खुर्ची दिली आणि सोळा पानांचा अर्ज दिला. सामना जिंकल्यास पाच गुण. हरल्यास वजा पंचवीस. बरोबरी झाल्यास लेखी खुलासा. प्रशिक्षकाचा सत्कार झाल्यास प्रत्येकी दहा गुण, चौकात बॅनर लागल्यास वीस. आणि शेवटी लोकपसंती, मोबाइलवरून.

"आबा, तुमचे सत्कार किती झाले?"

"एकबी नाही. पण पोरी तीनदा जिल्ह्यापर्यंत गेल्या."

"ते त्यांचं वैयक्तिक झालं. तुम्हाला कधी कोणी टॉवेल-टोपी?"

"मेव्हण्याच्या लग्नात दिली होती."

"फोटो आहे?" जितेंद्र आशेनं पुढे झुकले.

फोटो नव्हता. आबांचं गुणांकन शून्यावर सुरू झालं.

आता सत्कार हा काही आमच्या खानदेशाला अवघड विषय नाही. लग्न असो, दहावं असो, बोअरला पाणी लागलेलं असो, चार माणसं जमली की आधी टॉवेल-टोपी निघते. गाव कामाला लागलं. दूध डेअरीनं आबांचा सत्कार केला, पीठगिरणीनं केला, गावातल्या दोन्ही सलूननी स्पर्धेनं केला. शाल मात्र भिकुबाईंच्या कपाटातली, एकच. ती सकाळी घडी करून जायची आणि संध्याकाळी आबांच्या खांद्यावर परत यायची. बाराव्या सत्कारानंतर धुळ्याहून विचारणा आली, 'सर्व छायाचित्रांत शाल एकच दिसते. खुलासा करावा.' आबांनी खरं ते लिहिलं, 'शाल एकच आहे.' उत्तर प्रामाणिक वाटल्यामुळे मंडळानं प्रामाणिकपणाचे तीन गुण वाढवले.

सरावाला मात्र वेळ उरला नाही. संध्याकाळी पाच ते सात हीच सत्काराची वेळ. सूत्रसंचालन कर्णधार मयुरीकडे, स्वागतगीत बचावफळीकडे, आणि नारळ अचूक झेलते म्हणून ते धरायला गोलरक्षक दिपमाला.

त्यातच जळगावची जिल्हा स्पर्धा आली. आबांनी जितेंद्रना फोन केला.

"खेळू नका," जितेंद्र कळवळून म्हणाले. "आबा, जगातले मोठमोठे प्रशिक्षक क्रमवारीत खाली का घसरतात? सामने खेळतात म्हणून. एक पराभव आणि तुमचे अडीच सत्कार पाण्यात."

आबांनी मुलींना मैदानात बसवून सांगितलं. मयुरी उभीच राहिली.

"आबा, माझं हे शेवटचं वर्ष आहे. पुढच्या वर्षी वयात बसणार नाही मी."

"मैदान वाचवायचं आहे ना, बेटा?"

"कशासाठी?"

आबांनी शालीचं टोक उगाच नीट केलं. उत्तर अर्जात कुठेच नव्हतं. स्पर्धेतून नाव मागे घेतलं गेलं. त्याची पावती जोडल्यावर मंडळानं 'संपूर्ण हंगामात अपराजित' या सदरात आबांना पन्नास गुण दिले.

मार्चमध्ये निकाल लागला. पुना आबा जगात पहिले आले आणि धुळ्याहून जागतिक ट्रॉफी घेऊन परतले. युरोपातल्या एका प्रशिक्षकानं त्या वर्षी समोर येईल तो चषक जिंकला होता म्हणे, पण त्याच्या चौकात बॅनर लागल्याचा पुरावा मंडळाला मिळाला नाही. त्याला उत्तेजनार्थ बक्षीस देण्यात आलं. तो घ्यायला आला नाही, यावरून त्याची वृत्ती दिसतेच.

गावाला आनंद मावेना. जागतिक प्रशिक्षकाचा गौरव साध्या मांडवात कसा करायचा? सरपंच ज्योत्स्नाताईंनी मैदानाच्या मधोमध, अगदी चुन्याच्या गोलातच, सिमेंटचा कायमस्वरूपी गौरवमंच बांधून घेतला. प्रवेशद्वाराला कमान आली, कमानीला आबांचं नाव. भोवती कुंपण आलं आणि त्यावर सूचना, 'आत खेळण्यास मनाई आहे.'

"ताई, मैदान आपल्याला मिळालं ना?" आबांनी विचारलं.

"मिळालं म्हणजे! तुमच्याच नावावर झालं."

"मग पोरी कुठे खेळतील?"

"आबा, मंचाला चेंडू लागला म्हणजे? जगात नाव झालंय आता आपलं." ज्योत्स्नाताई मनानं चांगल्या, लगेच विरघळल्या. "हे बघा, क्लबाचा चालू वर्षातला एक जरी विजय कागदावर असला, तर मी उद्या मंच पाडते. आहे?"

नव्हता. आबा अपराजित होते.

घरी येऊन त्यांनी शाल खुंटीला लावली आणि मयुरीकडे गेले. "जळगावच्या पोरी येतील का खेळायला?"

मयुरीनं फोन हातात घेतला. "मी विचारते. पण आबा, तुम्ही भाषण नाही करायचं."

सामना रविवारी सकाळी दहाला, नदीच्या कोरड्या पात्रात ठरला. मयुरीनं गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर कळवलं. ज्या निरोपाखाली आबांच्या अभिनंदनाचे दोन हजार तीनशे अंगठे, फुलं आणि जोडलेले हात होते, त्याच्या बरोबर खाली. या निरोपालाही बरेच अंगठे आले.

जळगावच्या मुली टेम्पोनं आल्या. एका बाजूला दोन दगड गोलाचे खांब झाले, दुसऱ्या बाजूला तेही नव्हते. आबांनी शालीची गुंडाळी करून एक खांब केला, चार पावलं मोजली आणि दुसऱ्या खांबाच्या जागी जागतिक ट्रॉफी ठेवली. ती प्रथमच कशाच्या तरी उपयोगी पडली. पहिला गोल जळगावनं केला, दुसरा दिपमालानं अडवला, आणि मयुरीनं दोन केले, दुसरा तर शालीला घासून. मुक्ताई क्लब दोन-एकनं जिंकला. आबा वाळूत मटकन बसले आणि लहान पोरासारखे रडले. भिकुबाईंनी सगळ्यांना, जळगावच्या मुलींनाही, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला.

सोमवारी आबा धुळ्याला पोचले. जितेंद्रनी मनापासून अभिनंदन केलं आणि नोंदवही उघडली. "विजयाची नोंद करायला फक्त दोन प्रेक्षकांच्या सह्या लागतात. खेळाडू चालत नाहीत, प्रशिक्षकाचे नातेवाईक चालत नाहीत."

"भिकुबाई होती. जळगावचा टेम्पोवाला होता, पण तो झोपला होता."

"बाकी कोणी?"

आबांनी बोटांवर पुन्हा मोजून मान हलवली.

"आबा, मोबाइलवरचे अंगठे धरून तुमची लोकपसंती दोन हजार तीनशे आहे! त्यातले दोन निघणार नाहीत?"

यादी जितेंद्रनी आबांना छापून दिली. आबा रोज संध्याकाळी पाच ते सात ती घेऊन दारोदार फिरतात. सगळे त्यांना खुर्ची देतात, चहा देतात, एकदोघांनी तर टॉवेल-टोपीही दिली. मंच अजून उभा आहे. यादी गावाबाहेरही पसरलेली आहे, त्यामुळे एखादे दिवशी आबा तुमच्याकडेही येतील. तुम्ही अंगठा पाठवला होता. त्या रविवारी दहा वाजता कुठे होता, एवढंच विचारतील.