सतरा नंबरची डबी

आमच्या खालच्या मजल्यावरचे पाच्छापुरे अण्णा माणूस भेटला की आधी त्याच्या तोंडात बघतात. नमस्कार नंतर. मारतहळ्ळीच्या या बिल्डिंगमध्ये राहायला आलो त्या दिवशी मी लिफ्टमध्ये जांभई दिली, तर हे गृहस्थ किंचित वाकून म्हणाले, "खालची डावी अक्कलदाढ आडवी आलीय की हो तुमची. काढाल तेव्हा टाकू नका. मला द्या."

मी पुण्याचा. लिफ्टमध्ये अनोळखी माणसाशी बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. पण त्याच महिन्यात ती दाढ ठणकायला लागली, आणि मी आजही अण्णांच्या नजरेलाच दोष देतो.

अण्णा मूळचे चिकोडीकडचे. चामराजपेटच्या बाजूला एका दंतमहाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत त्यांचा जन्म गेला. काढलेले दात गोळा करायचे, फोडायचे, आतला मऊ गर काढायचा आणि त्या गरातल्या मूळपेशी काचेसारख्या स्वच्छ डब्यांमध्ये वाढवायच्या, हे काम. निवृत्त झाले, तरी सोमवारी आणि गुरुवारी दोन बस बदलून जातातच. बिनपगारी. कारण त्या दिवशी पेशींचं जुनं पाणी काढून ताजं गुलाबी पाणी घालायचं असतं. "मी रिटायर झालो हे त्यांना कोण सांगणार? भूक लागायची ती लागते."

एकदा पुतण्याच्या लग्नात पंगत बसायच्या आधीच ते उठले. कुणीतरी विचारलं, तर म्हणाले, "लेकरं उपाशी आहेत." मुलीकडच्या बायका हळहळल्या आणि त्यांनी लेकरांसाठी डबा भरून दिला. अण्णांनी तो बसमध्ये खाल्ला. त्यांना मूलबाळ नाही.

माझी दाढ काढायची ठरली त्या दिवशी अण्णा माझ्याआधी दवाखान्यात हजर. मांडीवर बर्फाचा डबा. डॉक्टरांना वाटलं, वडील आले आहेत. दाढ बाहेर आली तशी अण्णांनी ती उजेडात धरली. "किडलेली न्हाई. गुणाची आहे," म्हणाले आणि डब्यात ठेवून निघूनही गेले. मी तोंडात कापूस धरून बसलेला. माझ्या गुणांची चौकशी कुणी केली नाही.

पुढे मी त्यांना विचारलं, की या गरापासून माणसाला नवा दात कधी मिळणार?

"बोलणी चाललीत," अण्णा म्हणाले. "हाड होतं यातनं, दाताचा आतला थर होतो. उंदरांचं जमलंय. माणसांत स्वल्प स्वल्प करून बघतायत. पण अक्षता पडायच्या आहेत अजून." फुगवून सांगणाऱ्यांचा त्यांना भारी राग. बिल्डिंगच्या ग्रुपवर कुणीतरी 'दातातून नवं हृदय' असं काहीतरी पाठवलं, तर अण्णांनी "सरी, नमस्कार" म्हणजे 'बरं, येतो', एवढंच कानडीत लिहून ग्रुप सोडला.

एका गुरुवारी ते मला माझी दाढ दाखवायला घेऊन गेले. ती म्हणजे आता एका डबीतला गुलाबी थेंबभर संसार. दोन मिनिटांत ती दाखवून झाली. मग त्यांनी दुसरी डबी काढली. तळाशी आकडा होता सतरा. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळते असे दाणे दाटीवाटीनं पडलेले. हुबेहूब खिरीतले गव्हले.

"शालनची, आमच्या मंडळींची," अण्णा म्हणाले. "तिची दाढ मीच आणली होती. ती जाऊन चार वर्षं झाली. या आहेत अजून. बाकीच्या गोठवून ठेवल्यात, वर्षातनं एकदा थोड्या उठवतो."

मग डबीवर वाकून ते हळूच म्हणाले, "सिलिंडर आला गं काल." मला आधी हसू आलं. मग मी खिडकीबाहेर बघत उभा राहिलो.

यंदा प्रयोगशाळेत नव्या प्रमुख बाई आल्या. त्यांनी नियम केला, की जुना प्रत्येक नमुना तपासायचा, आणि वहीतल्या माणसाशी जुळला नाही तर नष्ट करायचा. "बरोबर आहे बाईंचं," अण्णा म्हणाले. पण त्या आठवड्यात ते दोनदा वर येऊन नुसता चहा पिऊन गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, "गुरुवारी सतरा नंबरचा रिझल्ट आहे. याल काय? नुसतं सोबत म्हणून."

मी रजा टाकून गेलो.

बाईंनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि अगदी हळू आवाजात इंग्रजीत सांगितलं, की सतरा नंबरच्या पेशी पुरुषाच्या आहेत.

अण्णांनी वाद घातला नाही. खुर्चीत बसले आणि मलाच सांगायला लागले, "त्या दिवशी दोन दाढा आल्या होत्या. सतरा शालनची, अठरा एका बसकंडक्टरची. मी नंबर झाकणावर लिहिले. झाकणं बदलली असणार, आणि पुढं तेच चुकीचे नंबर मी तळाला उतरवले." नंबर झाकणावर नाही, तळाला लिहायचा, हे तिथं पहिल्या दिवशी शिकवतात. चाळीस पोरांना ते अण्णांनीच शिकवलं होतं. तिची दाढ घरचीच म्हणून त्या दिवशी घाई केली, एवढंच.

"मग अठरा नंबर?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"प्रयोगात संपला. उरलेलं कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकलं. मीच."

बाई म्हणाल्या, डबी इथंच राहू दे, नष्ट करायचं मी बघते. अण्णा उठले. "आज गुरुवार आहे, मॅडम. खाऊन घेऊ देत, मग न्या." त्यांनी हात धुतले, हातमोजे घातले आणि नेहमीच्या निगुतीनं त्या परक्या माणसाच्या पेशींना ताजं पाणी दिलं. या वेळी डबीशी एक शब्दही बोलले नाहीत.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. अण्णा म्हणाले, "चार वर्षं एका कंडक्टरला घरातलं सगळं सांगत होतो. काय म्हटलं असेल त्यानं." हसले. हसता हसता चेहरा वाकडा झाला. "आता कुठं सांगू ओ मी?"

"घरी फोटो असेल ना काकूंचा," मी म्हणालो.

"फोटोला भूक न्हाई लागत."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "मला सांगा."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच तोंडात नाही, डोळ्यांत. बस सिग्नलला थांबली, सुटली.

"सकाळी दूध नासलं," ते म्हणाले.

"मग?" मी विचारलं.