करवंदांची ओळ

बाळांनो, आधी एक सांगा. विश्वास कुणावर ठेवाल? सगळ्यांत जुन्या पोथीवर, की सगळ्यांत शेवटी सापडलेल्या पोथीवर? घाई नको. तिकडे अमेरिकेत, मॉर्मन पंथाच्या ग्रंथात आधीच्या यहुदी आणि ख्रिस्ती ग्रंथांची वाक्यं कशी आली, यावर पंडित अजून भांडतात. आपण रानातली गोष्ट ऐकू. रानातल्या भांडणानं गोष्ट सांगणाऱ्याचं गिऱ्हाईक तुटत नाही.

तर एका जंगलात प्राण्यांना वाचता येऊ लागलं होतं, आणि त्यामुळे शांतता गेली होती. तिथे भागाक्का नावाची साळिंदर राहायची. पाठीवरचा काटा उपटायचा, शाईत बुडवायचा आणि पोथ्या उतरवायच्या, हा तिचा पिढीजात धंदा.

पोथी मूळची कासवांची. पुढे हरणांनी तिला नवं बाड जोडलं आणि जुन्या पोथीला ‘पूर्वार्ध’ म्हणायला लागली. कासवं सांगत होती, आमची पोथी पुरीच होती. पण कासवाचं बोलणं संपेपर्यंत हरणं कुठली थांबायला!

भागाक्काच्या आजोबांनी दोन्ही बाडं रानबोलीत आणली. महापुराच्या प्रकरणात वाळवीनं दोन बोटं जागा खाल्लेली. वैशाखाचं ऊन, म्हातारा सकाळपासून उपाशी. त्यानं तिथे लिहिलं, ‘आणि वाटेत करवंदं पिकली होती.’ पण गडी प्रामाणिक. शब्द पदरचे आहेत हे कळावं म्हणून ते त्यानं तांबड्या गेरूनं लिहिले. पुढे नकलांची मागणी वाढली. गेरू महागला, असं कारण सांगून सगळंच काळ्या शाईत जाऊ लागलं. आता रानातली पिल्लं ती ओळ डोळे मिटून म्हणत. खरं एकट्या भागाक्काला ठाऊक. ती गप्प होती, कारण गिऱ्हाईक यायचं ते आजोबांच्या नावावर.

एक दिवस रायाजी खवलेमांजर एक बाड घेऊन आला. साधा, गोड बोलणारा जीव. वारुळं उकरायची, वाळवी खायची, एवढंच त्याचं काम. सात डोंगरांपलीकडे टेकडी उकरताना त्याला म्हणे तांब्याचे पत्रे सापडले. पोथीला वाळवी लागली त्याच्या कितीतरी आधी पुरलेले. पत्रे म्हणे टेकडीनं परत पोटात घेतले. मजकूर तेवढा त्यानं लिहवून घेतला होता. पोथीचा हा तिसरा भाग, असं त्याचं म्हणणं. बघता बघता निम्मं रान त्याच्या मागे गेलं.

हरणं खवळली. पूर्वार्ध झाला, उत्तरार्ध झाला, आता आणखी कसला भाग, असं त्यांनी भर सभेत विचारलं.

म्हातारं कासव म्हणालं, “आम्हीही तेच विचारलं होतं.”

हत्तीणबाई रानाच्या मुखत्यार. त्यांनी बाड भागाक्काकडे तपासायला दिलं. खोटं निघालं तर रायाजीनं रान सोडायचं, असं ठरलं.

भागाक्का वाचत बसली. नव्या गोष्टी होत्या, लांबचे प्रवास होते, भावाभावांची युद्धं होती. पण चाल ओळखीची. ‘आणि असे घडले की’ पानोपानी. कुठे कुठे तर पोथीपेक्षा सरस. तिला रायाजीचं कौतुकच वाटलं. मग महापूर आला, आणि तिचे काटे उभे राहिले. ‘आणि वाटेत करवंदं पिकली होती.’

सात डोंगरांपलीकडे करवंदाची जाळीच नाही. आणि पूर होता श्रावणातला. खरं सांगावं तर आजोबांचं नाव जाणार. गप्प राहावं तर आजोबांची भूक देववाणी ठरणार.

दुसऱ्या दिवशी ती सभेत उभी राहिली. “ही ओळ देवाची नाही. माझ्या आजोबांची आहे. त्यांना भूक लागली होती.”

एक वानर म्हणालं, “त्यात काय, अक्का? वाळवीनं पोथी खाल्ली, रायाजीनं वाळवी खाल्ली. पोथी त्याच्या पोटात उतरली.”

“मग हरवलेले शब्द वर यायला हवे होते, मेल्या. आले ते आजोबांचे.”

रायाजीचे डोळे भरले. “अक्का, पोथी मी पाळण्यात असल्यापासून ऐकतोय. पण ते शब्द मला दिसले, ते असेच दिसले.”

 मग रायाजीचा एक चेला हळूच म्हणाला, पुरलेल्या पत्र्यांतही तेच शब्द असतील, तर आजोबांनी ते रचले कसे? त्यांना ते वरून सुचले. हरणांनी कान टवकारले. म्हणजे आपली पोथीही बिनचूक! काल एकमेकांच्या अंगावर धावणारे आज गळ्यात पडले. रायाजी रानातच राहिला. आजोबा ऋषी झाले. श्रावणात करवंदांचा नैवेद्य ठरला. श्रावणात करवंदं मिळत नाहीत, म्हणून मग उपास ठरला. आणि ऋषींच्या भुकेविषयी वेडंवाकडं बोलू नये, अशी हत्तीणबाईंनी भागाक्काला समज दिली.

ती खाली मान घालून घरी निघाली. शेजारून कासव चालत होतं.

“अक्का, त्या दोन बोटांत मूळ काय होतं, सांगू?”

ती थबकली. “तुम्हाला ठाऊक आहे?”

“पाठ आहे. कुणी विचारलंच नाही.” कासवानं श्वास घेतला. “‘ऐकलंत ते पुढे सांगा, आणि कुणाकडून ऐकलंत तेही सांगा.’”

तात्पर्य: पोथीत भर घालायचीच तर उपाशीपोटी घालावी, तीच पुढे पवित्र ठरते. आणि चोरी पकडू नये. मुद्देमालच चोराचा साक्षीदार होतो.

तुम्ही मात्र, बाळांनो, शब्द खुशाल उसने घ्या. सगळेच घेतात. फक्त कुणाचे घेतले त्याचा हिशेब चोख ठेवा. गेरू अजूनही स्वस्त आहे.