तेवीस जनावरं चरायला

रोह्याजवळच्या आमच्या वरसे गावात संध्याकाळी "आ आ आ, ती ती ती" अशी आरोळी उठली, की नवख्याला वाटतं, कुणीतरी कोंबड्यांना बोलावतंय. साफ चूक! शेजारच्या ताराआत्या मूठभर तांदूळ घेऊन टीव्हीतल्या जनावरांना बोलावत असतात. आवाज असा, की तिकडे कासू स्टेशनातली गाडी सिग्नल नसताना सुटते. मी तिथंच ड्यूटीला असतो, स्वतः बघितलंय!

ही जनावरं एका गेममधली. रानात हिंडायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, पाळायचे आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंजवायचे. आत्यांची मंदा लहानपणी हा गेम हातातल्या चिमुकल्या यंत्रावर खेळायची, तेव्हा आत्यांनी ते यंत्र दोनदा चुलीत घालायला काढलं होतं. आता तोच गेम नव्या रंगरूपात आला, तोही इतका सोपा की नवशिक्याला बोट धरून चालवतो. बंगळूरला नोकरी करणाऱ्या मंदाने आईला टीव्हीला जोडायचं यंत्रच पाठवलं. "आई, दर रविवारी फोन लावून दोघी खेळू."

आत्यांनी गेमलाच वळण लावलं. आग ओकणारा ड्रॅगन म्हणजे 'जाऊबाय'. दिसेल तिथं जीभ लांब करणारा तो 'सरपंच'. झुंजी बंद. कुणी आव्हान दिलं की, "माझ्या लेकरांना झुंजवतोस? सर बाजूला!" गेम पुन्हा पुन्हा सूचना देई, तर त्यालाच दम, "कललं रे बाला, एकदा सांगलास ना!"

सगळ्यांत लाडकी ठकी. निळी, बेडकाएवढी, कसल्याही कामाची नाही. पण मंदाने आपल्या यंत्रावर स्वतः पकडून आईच्या गेमात पाठवलेली.

एका शनिवारी मी ड्यूटीला निघालो, तर आत्यांनी हाताला धरून टीव्हीसमोर नेलं. "बाला, हिथं इंग्रजीत काय लिवलंय?"

"सोडणे," म्हटलं आणि पळालो.

झालं! जन्मभर सकाळी कोंबड्या सोडलेली बाई. तेवीसच्या तेवीस जनावरं चरायला सोडली आणि दिवेलागणीला कोंबड्या झाकायचं डालगं घेऊन वाट बघत बसल्या. मी शिफ्टहून आलो तर म्हणतात, "एकपन परत आला नाय रे."

मी खरं ते सांगितलं. सोडलेले परत येत नाहीत.

विंचवाला दम देणाऱ्या आत्यांनी डालगं बाजूला ठेवलं. "मंदा म्हनंल, आईला जमत नाय. रविवारचा फोन बंद करंल."

रविवारी गुन्हा कबूल करायला मी आधीच जाऊन बसलो. फोन आला. आत्यांनी मला तोंड उघडू दिलं नाही. "मंदे, समदी चरायला सोडली गो मी. ठकी पन."

तिकडे मंदा अशी हसली, की फोन टेबलावरून दोन बोटं सरकला! "चरायला? अगं आई! जाऊ दे, पहिल्यापासून सुरू करू."

"पयल्यापासून? किती दिस लागतील?"

"पाच-सहा महिने सहज."

गेम नव्याने सुरू झाला. त्यात सुरुवातीला तीन पिल्लांतलं एक निवडायचं असतं, आणि कुठलंही घेतलं तरी चालतं. आत्या विचारू लागल्या, "हा कसा हाय गो? आनि हा? पयल्याचं परत सांग." अर्धा तास गेला, तास गेला. मंदा सांगत होती. आत्या टीव्हीकडे बघतही नव्हत्या, फोनच्या जवळ जवळ सरकत होत्या.

शेवटी म्हणाल्या, "आज काय ठरत नाय गो. फुडच्या रविवारी बघू."