प्रकाशचं वर्ष

आमच्या शेजारची हर्षदा माणसाला तोंडावर सांगते, "काका, तुमी आत्ताचे न्हाय." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा चहा बशीत सांडला. माझ्या चेहऱ्यावरचा उजेड तिच्या डोळ्यांपर्यंत पोचायला म्हणे निमिषाहून कमी, पण वेळ लागतोच. म्हणून तिला दिसतो तो आधीचा मी. तेव्हापासून दाढी करताना आरशात बघायची मला भीतीच वाटते.

हर्षदा मुंबईत ताऱ्यांवर पीएचडी करते. शनिवारी इकडे गावी, दिघाशीला आली की दुर्बीण लावून गाव गोळा करते. "ह्यो उजेड जुना हाय. तारा हाय का गेला, कोनाला ठाव?" म्हाताऱ्या बघतात आणि पदर तोंडाला लावतात.

घरात ती एकटीच. तिचे वडील, आमचा प्रकाश, गेल्या साली वारला, तेव्हा ही दूर डोंगरावरच्या वेधशाळेत ड्युटीवर. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याची खुर्ची अंगणात तशीच आहे, आणि ही त्या खुर्चीशी गप्पा मारते. वर्षश्राद्धाचं नाव काढलं की म्हणायची, "बाबा हायत अजून." ऐकून अंगावर काटा यायचा.

आणि एके दिवशी देवळाच्या फळ्यावर तिच्याच अक्षरात दिसलं: 'शनिवारी संध्याकाळी आमच्या अंगणात प्रकाशवर्ष. सर्वांनी यावे.'

गावाला हायसं वाटलं. पोरीनं मनावर घेतलं एकदाचं! झाडून सगळे आले, पांढऱ्या कपड्यांत, नारळ घेऊन. खुर्चीला हार पडला. दुर्बिणीपाशी हर्षदा थिजून उभी.

"काकी, प्रकाशवर्ष म्हंजे अंतर," ती माझ्या बायकोला म्हणाली. "उजेड वर्षात जातो तेवढं."

"मंग प्रकाशला वर्षच झाला ना गो?"

हर्षदानं खुर्चीवरच्या हाराकडे बघितलं. मग म्हणाली, "व्हय. शेवटच्या दिवशी बाबा हितंच बसलेले. तो उजेड आज तेवढा लांब गेलाय. तिथून कोनी बघितलं तर बाबा अजून खुर्चीत हायत."

सगळे रिकाम्या खुर्चीकडे बघत होते, मीही. ती जाऊन खुर्चीशेजारी उभी राहिली.

"आता तुजा उजेड निघाला," बायको हळूच म्हणाली. "गाठंल त्याला?"

"न्हाय काकी. एका वर्षाचं अंतर कायम ऱ्हाईल."

डोळे भरून वाहत होते, तरी अंधार पडेपर्यंत ती हलली नाही. फोटो काढताना उभं राहतात तशी, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.