तलावाला पाच फेऱ्या

कौतिकराव पाटलांनी आयुष्यात धावत जाऊन एकच गोष्ट पकडली होती, ती म्हणजे धुळ्याहून सकाळी सातला सुटणारी एस.टी. (तीही कंडक्टर ओळखीचा निघाला म्हणून.) एरवी कचेरीतली खुर्ची आणि घरातला झोपाळा एवढाच त्यांचा प्रवास. असा माणूस एकवीस किलोमीटर धावायला निघाला याला कारण त्यांचे सासरे, जळगावचे झुलालआबा.

झालं असं, की सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात सासरी मेहुणीचं लग्न होतं. सगळे वाढायला धावत होते आणि कौतिकराव मांडवात खुर्चीवर बसून होते. तीन तास. शेवटी मांडववाला खुर्च्या मोजायला आला, तेव्हा आबा भर पंगतीत म्हणाले, "आम्हना जवाईले एकच काम येस, बसानं!"

सगळा मांडव हसला. प्रमिलाबाईही हसल्या, आणि बायकोचं ते हसणं कौतिकरावांना फार लागलं. डिसेंबरात पेपरात बातमी आली: जळगावला मेहरूण तलावाच्या काठाने हाफ मॅरेथॉन, तलावाला पाच फेऱ्या. आबांचं घर तलावापासून हाकेच्या अंतरावर. आबांच्या डोळ्यांदेखत पाच फेऱ्या मारायच्या आणि त्यांच्याच तोंडून 'वा' वदवून घ्यायचं, असं ठरवून कौतिकरावांनी फॉर्म भरला.

"एकवीस किलोमीटर?" प्रमिलाबाई म्हणाल्या. "तुम्ही कोपऱ्यावरून दूध आणायला रिक्षा करता."

"त्या दिवशी पाऊस होता."

सराव धुळ्यात पांझरा नदीच्या काठी सुरू झाला. पहिल्याच दिवशी शेजारचा भटू लुनावरून मागून आला. "भाऊ, एवढी घाई? कोनी सिरीयस शे का? बसा मांगे, सोडी देस!" आता माणूस एवढ्या आपुलकीने म्हणतोय तर नाही कसं म्हणायचं? कौतिकराव बसले. पुढचे पंधरा दिवस सराव असाच चालला. दोघं मिळून बरंच अंतर कापत.

शनिवारी सगळं कुटुंब एस.टी.ने जळगावला पोचलं. प्रमिलाबाईंनी ग्लुकोजचे चार पुडे घेतले होते, दोन्ही मुलींनी टाळ्या वाजवायची तयारी ठेवली होती. सासरी भरताचा बेत होता. कौतिकराव दुसऱ्या भाकरीला 'पुरे' म्हणाले. पण जावयाने 'पुरे' म्हटलं की खानदेशात आणखी एक वाढतात. सासूबाईंनी, म्हणजे भिकुअक्कांनी, ती वाढली, आणि कौतिकरावांनी ती खाल्ली. सासूला नाही म्हणायची त्यांची हिंमत आजवर झाली नव्हती.

रविवारी, शर्यतीच्या दिवशी, सकाळी साडेसहाला तलावावर धुकं होतं. अक्का खण-नारळ घेऊन काठावर उतरल्या, त्यांनी तलावाची ओटी भरली आणि हात जोडले. "पानीनी माय, मना जवाईले सांभाय." मग जावयाच्या कपाळाला बोटभर कुंकू लावलं. शिट्टी झाली.

पहिल्या फेरीत पोरं पुढे गेली, ते ठीकच होतं. दुसऱ्या फेरीत कानटोपी घातलेले एक रिटायर्ड हेडमास्तर खोकत खोकत पुढे गेले. घामाबरोबर कुंकू डोळ्यात उतरलं होतं, भरीत घशाशी आलं होतं, आणि काठावर आबा हाताची घडी घालून उभे होते. दुसरी फेरी संपली आणि रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून अक्का आडव्या आल्या.

"जवाईबापू, थांबा! हाई काय करी राहिनात?"

"धावतोय, अक्का!"

"पन कोनता अंगे? सकायमा मी ओटी भरी, देवी व्हई गयी ती! अन् तुम्हीन तिले डावा हातले ठेईसन फिरी राहिनात? उलटी प्रदक्षिना!"

"अक्का, सगळेच असे धावताहेत."

"बठ्ठासनी सासूनी ओटी भरेल शे का?"

जो माणूस तिसऱ्या भाकरीला नाही म्हणू शकला नाही, तो देवीच्या कोपाला काय म्हणणार? कौतिकराव जागच्या जागी वळले आणि तलाव उजव्या हाताला घेऊन धावू लागले.

आणि काय आश्चर्य! आता त्यांना मागे टाकणारं कोणी उरलंच नाही. जो भेटे तो समोरूनच येई. हेडमास्तर दर फेरीला भेटत आणि नमस्कार करत. पाणी वाटणाऱ्या पोरांना हे आयोजकच वाटले, त्यांनी दोन-दोन ग्लास दिले. कौतिकरावांच्या अंगात बळ आलं. तिसरी, चौथी, पाचवी! सव्वातीन तासांनी ते रेषेवर पोचले तेव्हा बाकीचे बक्षिसं घेऊन घरी गेले होते. पण आबा थांबले होते. त्यांच्या हातात झेंडूचा हार होता आणि डोळ्यांत, खोटं कशाला सांगा, पाणी होतं.

"वा..." आबांनी तोंड उघडलं.

"एक मिनिट," पंच वही घेऊन मध्ये आले. "पाटील ना? दोन फेऱ्या सुलट, तीन उलट. उलट गेलात की झालेल्या फेऱ्या वजा होतात. दोनातून तीन गेल्या..." त्यांनी चष्मा पुसला. "साहेब, तुम्ही निघालात त्या रेषेच्याही एक फेरी मागे आहात. अजून सहा मारा."

आबांचा 'वा' तोंडातच राहिला. अक्का तेवढ्या समाधानाने म्हणाल्या, "देवीनी प्रदक्षिना मातर बरोबर व्हयनी."

दुपारी आबा स्टँडवर पोचवायला आले. कितीही झालं तरी जावई. त्यांनी गर्दीत घुसून खिडकीतून रुमाल टाकून पुढची सीट धरली. हार ड्रायव्हरच्या देवाच्या फोटोला गेला. प्रमिलाबाई बसल्या, मुली बसल्या. कौतिकरावांचे गुडघे मात्र वाकेनात. त्यांनी दांड्याला धरून पाहिलं, प्रमिलाबाईंनी खांद्यावर दाबून पाहिलं, कंडक्टरने मागून जोर लावला. पाय खांबासारखे ताठ. शेवटी आबांनी धरलेल्या सीटवर ग्लुकोजचे पुडे ठेवले आणि कौतिकराव धुळ्यापर्यंत उभे राहायला तयार झाले.

गाडी सुटली तशी आबा खिडकीशी आले. जावयाकडे खालून वरपर्यंत पाहत म्हणाले, "याले एकच काम येत व्हतं. आते तेबी गयं!"