दुसऱ्या आवाजाचा संदर्भ

तोंडी परीक्षेला दीड तास उरला असताना मापाडीने कानावरचे हेडफोन काढले आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत बसली.

"काय गं? भूत ऐकलंस का?" दादाने विचारलं.

"भूत नाही. मी."

घरात तिला मापाडी म्हणत, कारण दिसेल त्याचं माप काढल्याशिवाय तिला चैन पडत नसे. प्रबंधही तसाच होता. अंगाई म्हणताना माणूस श्वास कुठे घेतो? तिचं म्हणणं असं, की आवाज चढवा किंवा उतरवा, श्वासाची जागा काही सुटत नाही. मुख्य पुरावा होता आत्याची अंगाई, दादाच्या बाळाच्या पाळण्याशेजारी रेकॉर्ड केलेली.

दोन वर्षं तिने संगणकाने गाळून दिलेला आत्याचा आवाज तेवढा ऐकला होता. पण मार्गदर्शक सरांचा नियम होता, की समितीपुढे मूळ रेकॉर्डिंगच ठेवायचं, त्यातला खोकलासुद्धा न कापता. "पुस्तकाला पान असतं, गाण्याला सेकंद असतो," ते म्हणत. "कोण गायलं, कुठे, कधी आणि कितव्या सेकंदाला, हे नसेल तर तो संदर्भ नव्हे, गप्पा." अशा गप्पांपायी त्यांनी कितीतरी प्रबंध परत पाठवले होते. पाठीमागे विद्यार्थी त्यांना 'तळटीप' म्हणत.

आणि मूळ रेकॉर्डिंगमध्ये दोन मिनिटं दहा सेकंदांवर, आत्याच्या गाण्यामागे मापाडीचाच आवाज होता; आत्या श्वासासाठी थांबते नेमक्या त्या फटीत तर अगदी लख्ख.

"आपला तळटीप ना, बायकोने चहा दिला तरी विचारत असेल, संदर्भ काय? दुसरा कप दिला की म्हणणार, तत्रैव!"

तत्रैव, म्हणजे वरचाच संदर्भ पुन्हा. पाठोपाठ दादाचं खदाखदा हसणं.

"कापून टाक तेवढं," दादा म्हणाला.

"आणि मूळ म्हणून देऊ? ती फसवणूक झाली."

"मग आत्याला पुन्हा गायला लाव."

"रेकॉर्डिंगची तारीख छापलीय प्रबंधात. आज गायलेलं दोन वर्षांपूर्वीचं कसं होईल?"

"मग सेकंद बदल की! पडद्यावर दुसरं कडवं दाखव, तेवढंच वाजव. घड्याळ लावून कोण बसतंय?"

जिने जन्मात दशांश चिन्हापुढचा आकडा सोडला नव्हता, तिने पडद्यावर दाखवायच्या पानात दोन-दहाचं तीन-दहा केलं.

सभागृहात सर होते, बाहेरून आलेल्या परीक्षक बाई होत्या आणि पहिल्या रांगेत आत्या होती. मोठ्या स्पीकरवर आपला आवाज ऐकायला ती ठेवणीतले कपडे घालून आली होती. येताना गाडीत दादाने तिला सगळं सांगून टाकलं होतं, त्यामुळे तिचाही चेहरा परीक्षेला बसल्यासारखा झाला होता.

सर घड्याळ लावूनच बसले होते.

"प्रबंधात दोन-दहा. पडद्यावर तीन-दहा. खरं कुठलं?"

"सर, ते टाइप करताना..."

"पहिल्यापासून लावा. पूर्ण."

अंगाई सुरू झाली. एक मिनिट गेलं. दुसरं मिनिट संपता संपता आत्या ताडकन उठली.

"यंत्रातलं काय ऐकता? मी आहे की इथं!" असं म्हणून तिने तीच ओळ खड्या आवाजात उचलली. स्पीकरमधली आत्या आणि समोरची आत्या, दोघी मिळून खिडक्यांच्या काचा हलवू लागल्या. निभावलं बहुतेक, असं मापाडीला वाटलं.

तेवढ्यात आत्याने श्वास घेतला. दोन्ही आत्यांनी. एकाच जागी.

त्या शांततेत सभागृहभर घुमलं, "...दुसरा कप दिला की म्हणणार, तत्रैव!" आणि वर ते खदाखदा हसणं.

आत्या मटकन खाली बसली. स्पीकरमधली अंगाई मात्र बिनघोर पुढे चालू राहिली.

"विलक्षण!" परीक्षक बाई म्हणाल्या. "एवढ्या ओरडून गायल्या, तरी श्वास तिथेच! मला आणखी पुरावा नको."

"मला हवा आहे," सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, सावकाश पुसला, पुन्हा चढवला. "संदर्भ अपुरा आहे. गायिकेचं नाव आहे, पण मागे बोलणारी व्यक्ती कुठे आहे? आवाज ऐकू येतो, म्हणजे नोंद हवी. कोण ती?"

"मी, सर."

"लिहा. आणि हसणारे?"

आत्याशेजारी बसलेला दादा अर्धवट उठला. "मी. भाऊ तिचा."

"यांनाही घ्या. आता ते तीन-दहा?"

मापाडीने मान खाली घातली. "मीच बदललं, सर. तुम्ही ऐकाल म्हणून."

"बोललात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते पाठीमागे सगळेच बोलतात. पण सेकंद बदललात! आता प्रत्येक संदर्भ पहिल्यापासून तपासून आणा. मग सही करीन."

शिपाई चहा घेऊन आला. सरांनी कुणाकडे न बघता पहिला कप संपवला. शिपायाने किटली पुढे करून विचारलं, "सर, अजून?"

सरांनी कप पुढे धरला आणि चष्म्यावरून मापाडीकडे पाहिलं.

"तत्रैव," ते म्हणाले.

"म्हणजे काय रे?" आत्याने दादाच्या कानाशी लागून विचारलं.

दादाने बऱ्याच वेळाने श्वास सोडला. "म्हणजे पास."